पेठांतून रोज फिरणारी छोटी विजेची गाडी: कॉमेट, टियागो आणि पंच यांची तुलना

मी घरोघरी जाऊन उपचार देणारी फिजिओथेरपिस्ट आहे. कोथरूडहून सकाळी साडेआठला निघायचे, पौड रस्ता आणि कर्वे रस्ता ओलांडून नारायण, शनिवार किंवा सदाशिव पेठेतले दोन रुग्ण करायचे, मग सहकारनगर किंवा बिबवेवाडी आणि संध्याकाळी पुन्हा कोथरूडमधले दोन-तीन रुग्ण उरकून घरी यायचे, असा माझा दिवस असतो. अंतर रोज सरासरी ३८ किलोमीटर पडते, परंतु त्यात गाडी सहा-सात वेळा लावावी आणि काढावी लागते. माझी जुनी पेट्रोल गाडी या धावपळीत लिटरला जेमतेम १२ किलोमीटर देत असे, आणि दिवसभर क्लच दाबून माझाच डावा गुडघा उपचार मागू लागला होता. म्हणून २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मी तीन छोट्या विजेच्या गाड्या नीट तपासल्या आणि त्यांतली एक घेतली. तिला आता वर्ष होऊन गेले आहे. गाड्यांच्या शर्यतीत मला रस नाही. गाडीत एक यंत्राची बॅग, एक घडीचा वॉकर आणि शनिवारी ७८ वर्षांच्या सासूबाई बसल्या पाहिजेत, हा माझा निकष होता.

गाडी घेणार म्हटल्यावर पहिला प्रश्न प्रत्येकाने विचारला तो रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते याचा. मीही सुरुवातीला तोच विचारत होते. पण शहरातच चालवायच्या गाडीत या आकड्याला आपण फार मोठा मान देतो, असे मला कागदावर हिशेब मांडल्यावर दिसले. या तीन गाड्यांतल्या सर्वांत लहान बॅटरीवर प्रत्यक्षात १५० किलोमीटर मिळाले, तरी माझे जवळजवळ चार दिवस निघतात. गाडी रात्री घरी चार्ज होणार असेल तर सकाळी ती दर वेळी भरलेलीच असते. होणार नसेल, तर ३०० किलोमीटरची रेंजही दर आठवड्याला सार्वजनिक चार्जरच्या रांगेत उभे करते. तेव्हा गाडीच्या आधी पार्किंगमधला प्लग पाहावा, आणि म्हणून मीही गाड्यांकडे वळण्याआधी त्याविषयी लिहिते.

आमची इमारत तीस वर्षांपूर्वीची आहे. मीटर तळमजल्यावर जिन्याखाली आहेत आणि माझी पार्किंगची जागा तिथून भिंतीच्या कडेने मोजली तर २४ मीटरवर येते. वायरमनने पहिल्याच भेटीत सांगितले, की गीझरची वायर ओढून हे काम भागणार नाही. गीझर वीस मिनिटे चालतो, इस्त्री त्याहून कमी. गाडी मात्र १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तीन किलोवॅटच्या आसपास वीज सलग काही तास ओढते, आणि हलका सॉकेट असेल तर तो वितळू शकतो. आम्ही माझ्याच मीटरवरून सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल पाइपातून नेली, स्वतंत्र एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, आणि विद्युतगळती झाल्यास पुरवठा तोडणारा ब्रेकर बसवला आणि नवे अर्थिंग केले. अर्थिंगचा खर्च टाळू नये, कारण ते सदोष असेल तर गाडीसोबत येणारा चार्जर लाल दिवा दाखवून सरळ नकार देतो. सगळे मिळून अठरा हजारांच्या आसपास गेले. खरा वेळ गेला तो सोसायटीच्या ना-हरकत पत्रासाठी. ‘बॅटरी पेटली तर जबाबदार कोण’ या एका प्रश्नावर दोन सभा झाल्या, आणि त्याच पार्किंगमध्ये तीस पेट्रोल टाक्या रोज रात्री उभ्या असतात हे कोणाच्याही लक्षात आले नाही. माझा आग्रहाचा सल्ला असा, की हे पत्र हातात येईपर्यंत शोरूममध्ये टोकन भरू नये. मी भरले होते, आणि ते परत मिळवायला त्या शोरूमच्या पाच फेऱ्या मारल्या.

आता गाड्या. पहिली एमजीची कॉमेट. २०२३ मध्ये ती आली तेव्हा रस्त्यावर लोक थांबून पाहत. अजूनही लहान मुले बोट दाखवतात. लांबी तीन मीटरहून कमी, म्हणजे २,९७४ मिलिमीटर, बॅटरी १७.३ युनिटांची (म्हणजे विजेच्या बिलावर असतात तीच युनिटे) आणि कंपनीने सांगितलेली रेंज २३० किलोमीटर. पण तिचा खरा आकडा तिसराच आहे, आणि तो म्हणजे ४.२ मीटरची वळण्याची त्रिज्या. शनिवार पेठेत माझे एक रुग्ण राहतात, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाजूला पानाची टपरी आणि दुसऱ्या बाजूला महापालिकेचा विजेचा डबा आहे. माझ्या जुन्या गाडीला तिथे आत शिरण्यासाठी दोनदा मागे-पुढे करावे लागे. कॉमेट एका वळणात आत गेली, आणि गल्लीच्या शेवटी, जिथे एरवी दोन स्कूटर उभ्या असतात, तिथे ती आडवी नव्हे तर सरळ उभी राहिली. पी-वन आणि पी-टू या सम-विषम पार्किंगच्या पाट्यांच्या तारखा पाठ करून रस्त्याच्या योग्य बाजूची जागा शोधणाऱ्या माणसाला हे सुख काय आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही. आत बसल्यावर गाडी लहान वाटत नाही. छत उंच आहे, काच मोठी आहे आणि पुढच्या दोघांना खांदा लागत नाही.

मात्र तिला दारे दोनच आहेत. मागे बसायचे तर पुढची डावी सीट दुमडून सरकवायची, एक पाय आत टाकायचा, कंबर वळवायची आणि मग दुसरा पाय ओढून घ्यायचा. धडधाकट माणसाला यात काही विशेष नाही. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांत झीज आहे. अशा रुग्णाला गाडीत बसवताना आम्ही आधी पाठमोरे टेकायला सांगून मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायला शिकवतो, आणि दोन दारांच्या गाडीत मागच्या सीटवर हे शक्यच होत नाही. त्या पुढे बसू शकतात, नव्हे, उंचीमुळे पुढे त्या इतर दोन्ही गाड्यांपेक्षा सहज बसल्या. पण मग मागे चढण्याची कसरत मुलाला आणि मला वाटून घ्यावी लागते. शिवाय मागची सीट उभी ठेवली तर डिकी जवळजवळ नाहीच. अर्धी सीट पाडली की यंत्राची बॅग आणि वॉकर दोन्ही मावतात, परंतु मग ती तीन माणसांची गाडी होते. चाके १२ इंचांची आहेत, आणि दोन चाकांतले अंतर दोन मीटरच असल्यामुळे खड्डा आला की तो पुढच्या आणि मागच्या चाकाखाली जवळजवळ एकाच दमात जाणवतो. हिला डीसी फास्ट चार्जिंगची, म्हणजे महामार्गावरच्या वेगवान चार्जरवर बॅटरी भरण्याची, सोयही नाही. शहराबाहेर जाण्याचा विचारच तिने तुमच्या वतीने रद्द करून टाकला आहे, आणि खरे सांगायचे तर मला तिचा हा प्रामाणिकपणा आवडला.

दुसरी टाटांची टियागो. सप्टेंबर २०२२ मध्ये ती ८.४९ लाख रुपयांना बाजारात आली, तेव्हा चार दारांची इतकी स्वस्त विजेची गाडी देशात दुसरी नव्हती. तिच्यात बॅटरीचे दोन पर्याय आहेत, १९.२ आणि २४ युनिटांचे. लांबी ३,७६९ मिलिमीटर, म्हणजे कॉमेटपेक्षा जवळजवळ ८० सेंटिमीटर अधिक. वळण्याची त्रिज्या ५.१ मीटर. शनिवार पेठेतल्या त्याच गल्लीत मला हिला एकदा मागे घ्यावे लागले. पण २४० लिटरच्या डिकीत बॅग आणि वॉकर सीटला हात न लावता गेले, आणि सासूबाई मागच्या दाराशी पाठमोऱ्या टेकून, पाय आत घेऊन, कोणाचाही हात न धरता बसल्या. सीट थोडी खाली आहे, त्यामुळे उतरताना त्यांना दाराच्या कडेचा आधार लागतो. बसताना मात्र लागत नाही.

चालवायला हिच्यात नवे शिकण्यासारखे फार थोडे आहे, हा मला तिचा मोठा गुण वाटतो. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की मोटर उलटी जनित्रासारखी काम करते, गाडी मंदावते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. ही पकड किती असावी हे बटणाने ठरवता येते. नळस्टॉपच्या गर्दीत मी ती सर्वांत घट्ट ठेवते, तेव्हा ब्रेकवर पाय जवळजवळ जात नाही. ज्यांनी आयुष्यभर क्लच दाबला आहे त्यांना पहिला आठवडा डावा पाय कुठे ठेवावा हेच कळत नाही.

टियागोच घ्यायची ठरल्यावर छोटी बॅटरी घ्यावी की मोठी, यावर मी बराच काळ घालवला. वर सांगितलेल्या हिशेबाने १९.२ युनिटांची मला पुरेशी होती. तरीही २४ ची घेतली, कारण त्या बॅटरीसोबत मोटरही अधिक जोरकस येते, आणि उड्डाणपुलाच्या चढावर मागून पीएमपीची बस येत असताना तो जोर उपयोगी पडतो. ज्या एका जादा गोष्टीवर मी पैसे खर्च केले नाहीत, ती म्हणजे ७.२ किलोवॅटचा चार्जर. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर २४ युनिटांची बॅटरी दहा टक्क्यांवरून पूर्ण भरायला पावणेनऊ तास लागतात, हे ऐकून लोक घाबरतात. पण मला रोज पूर्ण भरायची नसते. दिवसभरात पाच युनिटे गेली, ती रात्री दोन तासांत भरून निघतात. उरलेले सहा तास गाडीही झोपते आणि मीही.

तिसरी, टाटांचीच पंच. जानेवारी २०२४ मध्ये आलेली ही गाडी निव्वळ गाडी म्हणून तिघींत सरस आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मी पाहिली तेव्हा २५ आणि ३५ युनिटांच्या बॅटऱ्या, ३६६ लिटरची डिकी, जमिनीपासून १९० मिलिमीटरची उंची आणि भारत एनसीएपीच्या अपघात चाचणीत पाच तारे. आमच्याकडच्या सोसायट्यांनी हौसेने घातलेल्या गतिरोधकांवरून ती निर्धास्त जाते. सासूबाईंना मागे बसायला तिची सीटची उंची सर्वांत आवडली, कारण ना खाली वाकावे लागते, ना वर चढावे लागते. मी ती घेतली नाही याचे कारण पैशाचे आहे: त्या वेळी टियागोची सुरुवात ८ लाखांच्या आत होती आणि पंचची १० लाखांपाशी. एकच गाडी असलेल्या आणि महिन्यातून दोनदा गावी जाणाऱ्या कुटुंबाने मात्र टियागोपाशी न थांबता मोठ्या बॅटरीची पंच पाहावी.

सिट्रोएनची ईसी-३ मी यादीतून लवकर काढली. तिची डिकी मोठी, सीट आरामाची आणि बॅटरी २९.२ युनिटांची आहे, पण २०२४ मध्ये ग्लोबल एनसीएपीच्या चाचणीत तिला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, त्यामुळे ती मला पटली नाही. पुण्याच्याच वायव्हे कंपनीची ईवा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात विक्रीसाठी जाहीर झाली, तेव्हा माझी गाडी दारात उभी होती. जाता जाता, ज्यांना वाटते की अशी छोटी विजेची गाडी ही आजची कल्पना आहे, त्यांनी बंगळूरच्या रेवाची आठवण करावी. २००१ मध्ये ती शिशाच्या बॅटऱ्यांवर धावू लागली आणि लंडनच्या रस्त्यांवर ‘जी-विझ’ या नावाने पोहोचली. कोथरूडमध्ये एका डॉक्टरांकडे ती होती. दोन दारे, मागे मुलांपुरती जागा आणि रोज रात्री खिडकीतून खाली सोडलेली वायर. कॉमेटमध्ये बसताना मला तिचीच आठवण झाली होती.

खर्चाचा हिशेब लोक फार ढोबळ करतात, म्हणून माझा थोडा तपशिलाने देते. महिन्याचे ९५० किलोमीटर धरले तर चार्जिंगमधली घट धरून मला भिंतीवरच्या मीटरवर १२५ ते १३० युनिटे लागतात. महावितरणच्या घरगुती दरांत टप्पे आहेत: शंभरपर्यंत, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, आणि प्रत्येक टप्प्याला दर चढतो. मधल्या टप्प्यात वहन आकार आणि वीज शुल्क धरून माझ्या बिलावर युनिट साधारण तेरा रुपयांना पडते, म्हणजे महिन्याला सोळा-सतराशे रुपये. पेट्रोल गाडीला याच अंतरासाठी १०४ रुपयांच्या भावाने आठ हजारांहून अधिक लागत. फरक महिन्याला साडेसहा हजारांचा आहे, आणि तो कमी नाही; पण ‘रुपयात एक किलोमीटर’ अशा जाहिराती वाचून जे गाडी घेतात, त्यांनी आपल्या बिलावरचा टप्पा आधी पाहावा. आमच्या घरचा वापर १७५ युनिटांचा आहे, त्यामुळे गाडी आल्यावर आम्ही नेमके तीनशेच्या काठावर आलो, आणि उन्हाळ्यात एसी लागला की वरचा टप्पा सुरू होतो. वाहन चार्जिंगसाठी महावितरणची स्वतंत्र वर्गवारी आहे. ज्यांचा घरगुती वापर आधीच तीनशेपुढे आहे त्यांनी स्वतंत्र मीटरचा विचार करावा. त्याचा कागदोपत्री व्याप एकदाच करावा लागतो.

कॉमेटच्या बाबतीत बॅटरी भाड्याने घेण्याची योजनाही २०२४ मध्ये आली. तेव्हा गाडी पूर्ण घेतली तर ६.९९ लाखांपासून आणि बॅटरी सोडून घेतली तर ४.९९ लाखांपासून होती, वर किलोमीटरला अडीच रुपये भाडे. दोन लाखांना अडीचने भागले की ८०,००० किलोमीटर येतात. माझ्या वापराने ती सात वर्षे झाली. वरवर हा सौदा बरा दिसतो. पण महिन्याचे भाडे माझ्या विजेच्या बिलापेक्षा जास्त होते, आणि दरमहा किमान किती किलोमीटरचे पैसे धरले जाणार ही अट करारात वाचल्याशिवाय सही करू नये. आठवड्यातून तीनच दिवस गाडी काढणाऱ्यांना ही अट जड जाऊ शकते.

आज निवड करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी बदलल्या आहेत. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, विजेच्या गाड्यांवरचा ५ टक्केच राहिला, त्यामुळे दोहोंच्या किमतीतले अंतर वाढले आहे आणि ते भरून यायला आता अधिक किलोमीटर लागतील. दुसरीकडे, महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर केली. महिन्याला पाचशे किलोमीटरसुद्धा न चालवणाऱ्या माणसाने आज विजेची गाडी पैसे वाचवण्यासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गुडघा वाचवण्यासाठी घ्यायला हरकत नाही.

वर्षभराचा अनुभव असा, की शहरात मला एका चार्जमध्ये १९० ते २०० किलोमीटर मिळतात, एप्रिल-मेच्या दुपारी एसीसह १७५. कात्रजचा घाट चढताना टक्के डोळ्यांदेखत उतरतात आणि उतरताना त्यांतले काही परत येतात. या तिन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या आहेत. या प्रकारात मधल्या भरणीत व्होल्टेज फारसे बदलत नाही, म्हणून काट्यावरचा टक्का हळूहळू खोटा बोलू लागतो, आणि तो जागेवर आणण्यासाठी अधूनमधून शंभरापर्यंत चार्ज करावे लागते. मी रविवारी रात्री करते. मंडईत गाडीचा आवाज कोणालाच येत नाही, त्यामुळे पाठमोऱ्या माणसामागे मिनिटभर ताटकळत राहायचे की हॉर्न वाजवून त्याच्या हातातली कोथिंबीर पाडायची, असा पेच रोज पडतो.

शहराबाहेर मी तिला एकदाच नेले, ठाण्याला. परतताना द्रुतगती मार्गावरच्या एका फूड मॉलवर फास्ट चार्जर होता. ॲप उतरवले, त्यात पाचशे रुपये भरले, चार्जरची बंदूक गाडीला लावली, आणि पडद्यावर ‘सुरू होत आहे’ हे शब्द अकरा मिनिटे तसेच राहिले. मदतीच्या क्रमांकावरच्या मुलीने यंत्र बंद करून चालू करायला सांगितले. यंत्राची कळ कुठे आहे ते तिला ठाऊक नव्हते आणि मलाही. शेवटी शेजारी चहा विकणाऱ्या काकांनी येऊन मागच्या पेटीतली लाल कळ फिरवली. ते म्हणाले, “ताई, दिवसातून चार वेळा करतो मी हे.” पुढे चाळीस मिनिटांत घरी पोहोचण्यापुरती वीज भरली.

माझी एक तरुण सहकारी नवी पेठेत राहते. लग्न झालेले नाही, रुग्ण सगळे पेठांतले, आणि वाड्याच्या बोळात तिच्या खिडकीखाली गाडी उभी करता येते. तिने मला विचारले तेव्हा मी तिला टियागोऐवजी कॉमेट सुचवली, फक्त खिडकीतून वायर खाली न सोडता वायरमनला आधी बोलावण्याच्या अटीवर. तिची गाडी ज्या जागेत उभी राहते तिथे माझी मावणार नाही, हे आम्ही टेप लावून मोजून पाहिले आहे: भिंत ते दगडी पायरी, तीन मीटर आणि वीस सेंटिमीटर.